अंकाईची लेणी आणि अगस्ती
अंकाई-टंकाई हे नाशिक जिल्ह्याच्या येवले तालुक्यातील जोडकिल्ले व पूर्वमध्ययुगीन धर्मस्थान. मनमाडच्या दक्षिणेस सु. १० किमी.वर हे दोन डोंगर असून ते एका खिंडीने जोडलेले आहेत. अंकाई अधिक उंच (सु. ९६० मी.) आहे. तिच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान दाखविले जाते.

विंध्य ओलांडून दक्षिणेत आलेला पहिला ऋषी म्हणून अगस्तीची ख्याती आहे. वाल्मीकिरामायणानुसार रामाला पंचवटीत राहण्याचा सल्ला त्यानेच दिला. साहजिकच गोदावरी-प्रवरेच्या टापूत त्याची स्थाने एकाहून अधिक आहेत. प्रवरेकाठचे अकोले हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. तथापि या परंपरेवरून अंकाईच्या लेण्यांचे वय ठरविता येत नाही. ते ठरते शिल्पशैलीवरून.

टंकाईच्या दक्षिण अंगावरील सात लेणी जैन असून त्यांतील महत्त्वाची अकराव्या-बाराव्या शतकांतील आहेत. पहिले व दुसरे लेणे दुमजली आहे. पहिल्याच्या मंडपाचे छत एकात एक कोरलेल्या कमलदलांच्या वर्तुळांनी भरलेले आहे. दुसऱ्याच्या ओसरीत एका टोकास गजारूढ इंद्र, तर दुसऱ्या टोकास सिंहासह अंबिका आहे. तिसऱ्यात शांतिनाथ व पार्श्वनाथ यांच्या मूर्ती आहेत. चौथ्या लेण्याच्या एका स्तंभावर बाराव्या शतकाच्या सुमाराचा लेख होता. तो जेम्स बर्जेस याने १८८० पूर्वी पाहिला, तेव्हाच जवळजवळ अवाच्य झालेला होता. त्यामुळे लेणी खोदविणाऱ्यांची नावे हरवली. पण ते कोणत्या थरातील असावेत याचा अंदाज करता येतो. हा मुलूख यादवांचा होता आणि त्यांच्या राज्यात जैनांना आश्रय होता. अंजनेरी येथील शके १०६३ च्या शिलालेखात सेउणचंद्राने चंद्रप्रभाच्या मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद असून व्यापाऱ्यांच्या देणग्याही तीत आहेत. टंकाईचे दातेही बहुधा असेच पेठकरी असावेत.

अंकाईवर मात्र ब्राह्मणी लेणी आहेत. त्यांपैकी एकात गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणामार्ग कोरलेला असून ते वेरूळच्या उतरत्या काळातील धाटणीचे आहे. एकाच खिंडीच्या दोन बाजूंना दोन धर्मांची लेणी जवळजवळ एकाच काळात खोदली गेली, हे या स्थानाचे खरे वैशिष्ट्य होय. जैनांचे दाते विस्मृतीत गेले. लेखावाचून अगस्तीचे नाव टिकले.

पुढे डोंगराला लष्करी महत्त्व आले. १६३५ मध्ये शाहजहानच्या सरदाराने किल्लेदाराला फितवून तो घेतला. फ्रेंच प्रवासी तेव्हनो याने सुरत-औरंगाबाद मार्गावरील मुक्काम म्हणून अंकाईचा उल्लेख केला आहे. १८१८ मध्ये मॅकडॉवेलच्या इंग्रजी तुकडीला किल्ला लढाईवाचून मिळाला.