किडलेले दात कोणाचे? फॅन्टसी गेममधले मध्ययुग आणि थडग्यांतले पुरावे

१/
एखाद्या फॅन्टसी गेममधले गाव डोळ्यांसमोर आणावे. चिखलाची वाट, गवताने शाकारलेली घरे, कोपऱ्यात एक खानावळ. दारातला म्हातारा हसतो आणि त्याच्या तोंडात चार पिवळे खुंट दिसतात. महिनोन्‌महिने गुहांतून आणि दलदलीतून भटकून आलेला नायक त्याला उत्तर देतो, त्याचे दात मात्र मोत्यासारखे शुभ्र. खेळणाऱ्याला यातले काहीच खटकत नाही. मध्ययुग म्हणजे सडके दात, हा समज इतका मुरलेला आहे. तो कितपत खरा आहे, याचा हा धागा.

२/
दाताचे बाह्य आवरण हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडे विरून जातात तिथेही दात उरतात, त्यामुळे जुन्या दफनभूमी म्हणजे दातांची दप्तरखानेच आहेत. १९७० च्या दशकात मूर आणि कॉर्बेट या संशोधकांनी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कालखंडांतले जबडे तपासले. मध्ययुग संपेपर्यंत किडीचे स्वरूप शतकानुशतके फारसे बदललेले नव्हते. बदल दिसू लागला तो सतराव्या शतकात, आणि एकोणिसाव्या शतकात आजच्यासारखी कीड सर्वत्र पसरली.

३/
कारण साखर. हा शब्दच मुळात संस्कृत ‘शर्करा’, जो फारसी आणि अरबीच्या वाटेने युरोपात पोचला. मध्ययुगीन युरोपात साखर मिरी-दालचिनीच्या रांगेत बसे. ती औषधविक्रेत्याकडे थोडीथोडी तोलून मिळे आणि श्रीमंतांनाच परवडे. शेतकऱ्याच्या वाट्याला गोड म्हणून फळे आणि कधीमधी मध. तोंडातले जंतू साखरेवर पोसले जाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. खाद्यच तुटपुंजे असल्याने जंतूंचा जोर बेताचाच राहिला.

४/
म्हणून त्या माणसांचे दात निरोगी होते असे मात्र नाही. त्यांचा शत्रू निराळा होता. जात्याच्या दगडाची कच पिठात मिसळे, पिठातून भाकरीत आणि भाकरीतून दातांवर. चाळिशी गाठेपर्यंत दाढा घासून सपाट होत. या झिजेचा एक अनपेक्षित परिणाम असा की दाढांवरच्या ज्या खोल खाचांत आज कीड सुरू होते, त्या खाचाच पुसल्या जात. मध्ययुगीन कीड बहुधा दाताच्या मानेशी, हिरडीच्या कडेला आढळते. दातांवर किटणाचे थर असत आणि हिरड्यांचे विकारही सर्रास होते.

५/
एकदा दात मुळापर्यंत गेला की हाल भयंकर. जबड्यात पू साठे आणि विष रक्तात भिनले तर माणूस दगावे. लंडनच्या सतराव्या शतकातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांत ‘दात’ हे मृत्यूचे एक स्वतंत्र कारण म्हणून छापले जाई; त्यात दात येण्याच्या वयात दगावलेली तान्ही मुलेही मोजली जात. युरोपातले दातदुखीने बेजार झालेले लोक संत अपोलोनियाचा धावा करत. इ. स. २४९ मध्ये अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्या जमावाने तिचे दात पाडले होते, म्हणून ती दातांची संत ठरली.

६/
दात ही किमती वस्तू होती, याचा लेखी पुरावा इंग्लंडच्या सर्वांत जुन्या ज्ञात कायद्यात आहे. इ. स. ६०० च्या सुमारास केंटचा राजा एथेलबर्ट याने दुखापतींच्या भरपाईचे दर ठरवून दिले. पुढच्या चार दातांपैकी प्रत्येकासाठी सहा शिलिंग, त्याच्या शेजारच्यासाठी चार, त्यापुढच्यासाठी तीन आणि उरलेल्यांसाठी प्रत्येकी एक. बोलताना आणि हसताना जे दात दिसतात, त्यांची किंमत सर्वाधिक. सडक्या दातांची फिकीर नसलेल्या समाजाने असा दरतक्ता कशाला केला असता?

७/
बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने वेल्समधल्या लोकांचे वर्णन लिहून ठेवले. तेथील स्त्री-पुरुष दातांची विलक्षण काळजी घेतात, हिरव्या हेझलच्या काडीने दात घासतात, मग लोकरीच्या कापडाने पुसून हस्तिदंतासारखे चकचकीत करतात आणि दात जपण्यासाठी गरम अन्न टाळतात, असे तो सांगतो. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावणाऱ्या मराठी आजोबांना वेल्समधली ती सकाळ परकी वाटली नसती.

८/
इटलीतले सालेर्नो हे त्या काळातले वैद्यकाचे मोठे केंद्र. तिथल्या बाराव्या शतकातल्या ‘त्रोतुला’ या ग्रंथसमूहात स्त्रियांच्या सौंदर्यप्रसाधनांचा एक भाग आहे. काळवंडलेले दात उजळण्यासाठी त्यात भाजलेला पांढरा संगमरवर, खजुराच्या जाळलेल्या बिया, खार, लाल कौल, मीठ आणि प्यूमिस दगड यांची पूड सांगितली आहे. म्हणजे तिथली राखुंडीच! जेवणानंतर चांगल्या मद्याने चूळ भरावी, स्वच्छ पांढऱ्या कापडाने दात पुसावेत आणि बडीशेप चघळावी, असाही सल्ला आहे. संगमरवराच्या पुडीने दात उजळत, पण झिजतही असणार.

९/
जर्मनीतली विदुषी जोगीण हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन (१०९८–११७९) हिचा उपाय याहून साधा. सकाळी उठल्यावर शुद्ध गार पाणी तोंडात काही वेळ धरावे, म्हणजे दातांभोवतीचा मळ मऊ होतो आणि धुतला जातो. दुर्गंधी हीच रोगाची वाहक, असे त्या काळचे वैद्यक मानत असल्याने तोंडाच्या वासाला महत्त्व होते. चौदाव्या शतकात चॉसरने रंगवलेला अ‍ॅब्सोलन प्रेयसीच्या खिडकीशी जाण्यापूर्वी ज्येष्ठमध चघळतो. वाचकाला ही सवय ओळखीची असल्याखेरीज त्यातला विनोद साधला नसता.

१०/
त्यांचे ज्ञान मात्र तोकडे होते. दात एक किडा पोखरतो, अशी समजूत बॅबिलोनपासून युरोपपर्यंत सर्वत्र होती. सुश्रुतसंहितेतही ‘कृमिदंतक’ हा दंतरोग आहे, आणि दाताला ‘कीड’ लागली असे मराठी माणूस आजही म्हणतो. खुरासानी ओव्याच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या बिया जाळून युरोपात दाताला धुरी देत. महाराष्ट्रातल्या खेड्यांत हीच धुरी भुईरिंगणीच्या बियांची असे. खुरासानी ओव्यातली द्रव्ये गुंगी आणणारी असल्याने ठणका खरोखर कमी होई, आणि जळलेल्या बियांचे कण पाहून किडा पडला असे रोग्याला वाटे. १७२८ मध्ये फ्रान्सच्या प्येर फोशार याने आपल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात या किड्याला ठाम नकार दिला.

११/
दात उपटण्याचे काम न्हाव्याकडे किंवा जत्रेत फिरणाऱ्या दातकाढ्याकडे असे. विद्वान शल्यवैद्यही याकडे लक्ष देत होते. गी द शोलियाक याने १३६३ मध्ये पूर्ण केलेल्या शल्यग्रंथात दातांची निगा आणि उपचार यांची चर्चा आहे. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, कॉर्डोबाजवळच्या अल-झहरावी याने दातांवरचे किटण खरवडण्याच्या चौदा निरनिराळ्या हत्यारांच्या आकृत्या काढून ठेवल्या. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची पद्धतही त्याने दिली. त्याचा हा भाग बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या शल्यवैद्यांनी शतकानुशतके वापरला.

१२/
दुसऱ्या टोकाला चीन. १२२३ मध्ये तिथे गेलेला जपानी झेन भिक्षू दोगेन याने घोड्याचे केस शिंगाच्या मुठीत बसवलेले ब्रश पाहिले आणि नाक मुरडले. त्याच्या लेखी वनस्पतीची काडीच शुद्ध. त्याच्या मायदेशी उच्चकुलीन स्त्रिया दात मुद्दाम काळे रंगवत आणि त्यालाच सौंदर्य मानत. ‘काळे दात म्हणजे अस्वच्छता’ हा नियमदेखील सार्वत्रिक नव्हता.

१३/
किटणाचेही ऐतिहासिक मोल मोठे आहे. थर वाढत असताना अन्नाचे कण, जंतू आणि धूळ त्यात कैद होतात. जर्मनीतल्या डालहाइमच्या मठात इ. स. १००० ते १२०० च्या दरम्यान पुरलेल्या एका स्त्रीच्या किटणात संशोधकांना गडद निळे कण सापडले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधानुसार ते कण अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दाचे होते. हस्तलिखिते सजवताना कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करताना ते तोंडात गेले असावेत. इतक्या महाग रंगाचे काम एका अनामिक जोगिणीकडे होते, हे कोणत्याही कागदाने सांगितले नव्हते. न खरवडलेल्या दातांनी सांगितले.

१४/
मग सडके हसू आले कुठून? १५९८ मध्ये पाउल हेंट्‌झ्नर हा जर्मन प्रवासी इंग्लंडच्या दरबारात गेला. राणी पहिली एलिझाबेथ हिचे दात काळे असल्याचे त्याने नोंदवले आणि इंग्रज फार साखर खातात त्याचा हा दोष दिसतो, अशी पुस्तीही जोडली. म्हणजे साखरेची कीड आधी राजवाड्यात शिरली, मग झोपडीत. त्या काळात दारातल्या म्हाताऱ्याचे दात राणीपेक्षा बरे असण्याची शक्यता होती!

१५/
पुढचा इतिहास अधिक कडवट आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले आणि साखर स्वस्त झाली. इंग्लंडमध्ये १७०० च्या सुमारास वर्षाला दरडोई सुमारे दोन किलो साखर खपत होती. १८०० पर्यंत तो आकडा आठ किलोंच्या आसपास गेला. १८७४ मध्ये साखरेवरचा आयातकरच रद्द झाला आणि चहाबरोबर ती मजुराच्या घरी रोजची झाली. दात सडण्याचे युग ते हे.

१६/
दातांच्या बाजारातही तीच विषमता. १७८४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत कृष्णवर्णीयांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात काढून कवळ्यांत बसवले गेले आणि अशा कवळ्यांना ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव पडले. धनिकांनी साखर खाऊन दात गमावले आणि गरिबांच्या व मृतांच्या तोंडातून ते परत मिळवले. हे सारे मध्ययुग संपल्यानंतरचे.

१७/
आधुनिक युगाने आपल्या तोंडातली कीड मागच्या युगाच्या तोंडात नेऊन ठेवली, असे म्हणावे लागते. ‘अंधारयुगा’ची कल्पना आधी विद्वानांनी रुजवली, नंतर चित्रपटांनी तिला चिखल फासला. गेमला हे सारे तयार मिळाले. तिथे दात ही एक सांकेतिक भाषा आहे. शुभ्र दात म्हणजे नायक, पिवळे म्हणजे गावकरी, तुटके म्हणजे चोर, सुळे म्हणजे राक्षस. काही वेळा कारण तांत्रिकही असते. तोंडाच्या आतल्या भागाचा एकच साचा अनेक पात्रांना वापरला की श्रम वाचतात, आणि मग राजा आणि भिकारी एकाच कवळीने हसतात.

१८/
काही गेम यापुढे गेले आहेत. १४०३ च्या बोहेमियात घडणाऱ्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) मध्ये न्हाणीघरे आहेत, आणि अंग व कपडे मळलेले असतील तर माणसे नायकाशी वेगळी वागतात. मध्ययुगीन माणसाला स्वच्छतेची चाड होती, हे तिथे खेळाच्या नियमातच आले आहे. उलट ‘स्कायरिम’ (२०११) च्या बर्फाळ प्रदेशात स्वीटरोल नावाची गोड पावे जागोजागी सापडतात. इतकी साखर खऱ्या उत्तर युरोपात मिळती, तर तिथल्या प्रत्येक पहारेकऱ्याची दाढ ठणकली असती.

१९/
कल्पित जगाने इतिहासाशी इमान राखलेच पाहिजे असे नाही. जिथे ड्रॅगन उडतात तिथे मंत्राने दातही उगवोत. पण या संकेताची झळ आजच्या माणसाला लागते. किडलेला दात पाहून त्या माणसाला आळशी, अडाणी वा दुष्ट ठरवण्याची सवय खेळाबाहेरही चालू राहते. आजही वाकडे, पडके दात बहुतेकदा गरिबीची आणि न परवडलेल्या उपचारांची खूण असतात. त्यांचा चारित्र्याशी संबंध तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

२०/
आता खानावळीतल्या त्या म्हाताऱ्याकडे पुन्हा पाहावे. पुराव्यांना धरून त्याचे चित्र काढायचे तर एक-दोन दाढा पडलेल्या, उरलेले दात घासून सपाट झालेले, मुळाशी तपकिरी किटण, कमरेला हेझलची एक सोललेली काडी आणि गल्ल्याजवळ चघळायला बडीशेप. नायकाला भाकर वाढताना तो तोंड भरून हसेल, आणि त्या भाकरीत जात्याची थोडी कच असेल.

(धागा समाप्त)