एक्झॉस्ट पंख्याच्या नळीतील संघनन (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

न्हाणीघरातील दमट हवा पंख्याने बाहेर ढकलली जात असता वाटेतल्या थंड नळीत तिच्यातील वाफेचे पाणी होणे व ते मागे घरात ठिबकणे. जुन्या चार मजली इमारतींत खिडकीच्या काचपट्ट्या काढून पंखा बसवतात. हवा थेट डक्टच्या पोकळीत जाते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. घोडबंदर रस्ता, खडकपाडा अशा भागांतील ज्या घरांत नळी फॉल्स सीलिंगवरून फिरवली आहे, तिथे तो येतो.

कारणे : ३५° से. तापमानाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम वाफ असते. २०° ला जेमतेम १७ ग्रॅम मावते. बाकीचे पाणी नळीत उतरते. डिसेंबर-जानेवारीत लोकल गाठण्यासाठी घरातील सगळ्यांच्या आंघोळी पहाटे लागोपाठ होतात आणि नळी वाळायला उसंत मिळत नाही. वातानुकूलित खोलीच्या छतावरून गेलेली नळी तर भर मे महिन्यातही गार राहते. हे कारण इथे थंडीइतकेच महत्त्वाचे आहे, तरी बहुधा नजरेतून सुटते.

ओळख : पीओपीवरचा पिवळट डाग पाहून वरच्या मजल्याच्या गळतीवर बोट ठेवले जाते. आंघोळीनंतर अर्ध्या तासात ठिबक सुरू होऊन दुपारपर्यंत थांबत असेल, तर आधी नळी तपासावी.

प्रतिबंध : सर्वांत मोलाचा उपाय उताराचा. नळी बाहेरच्या बाजूला सतत उतरती हवी. अॅल्युमिनियमची लवचिक नळी ताणून न बांधल्यास तिला झोळ पडतो, झोळात पाणी साचते आणि हवेची वाटच अडते. शक्य तिथे सरळ पीव्हीसी पाइप घालावा. ६ इंची पंख्याला ४ इंची पाइप जोडू नये. गार खोलीवरून जाणाऱ्या भागाला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तसले नायट्राइल रबराचे आवरण द्यावे, सांधे टेपने बंद करावेत. आंघोळीनंतर पंखा १५-२० मिनिटे चालू ठेवावा. दाराखाली फट नसेल तर तो हवा ओढूच शकत नाही.

पावसाळा : नळी वाळत नाही, बाहेरच्या तोंडाला खाली वळलेला बाक व झडप आवश्यक.

दुरुस्तीचा खर्च : सभासदाचा की सोसायटीचा, यावर मतभेद आहेत.

गॅस गीझर : १ किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा जीवघेणा धोका असल्याने गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा; त्याचा धूर पंख्याच्या नळीत कधीही सोडू नये.