वार्धक्यविषयक हॉर्मोन-संशोधनातील स्त्री-वैज्ञानिक

वयोमानानुसार काही हॉर्मोनांचे शरीरातील प्रमाण घटते. ही उणीव बाहेरून भरून काढल्यास तारुण्य परत येईल, ही कल्पना जुनी आहे. शरीरक्रियावैज्ञानिक शार्ल एद्वार ब्राउन-सेकार यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्रा व गिनी पिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि शक्ती परत आल्याचे पॅरिस येथे जाहीर केले. पुढे अशा अर्कांचा व्यापारही झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कल्पनेला जे हादरे बसले, त्यांत स्त्री-वैज्ञानिकांचा वाटा मोठा आहे.

सिंथिया केन्यन या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे एक मिमी. लांबीच्या एका सूत्रकृमीवर संशोधन करीत होत्या. या कृमीचे आयुष्य दोन ते तीन आठवड्यांचे असते. म्हातारपण म्हणजे निव्वळ झीज, तिचे नियंत्रण करणारी यंत्रणा कसली असणार, अशी त्या वेळी अनेक जीववैज्ञानिकांची धारणा होती. डीएएफ-२ या एकाच जनुकात उत्परिवर्तन झाल्यास कृमी दुपटीहून अधिक काळ जगतो, असे केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले. हे कृमी विकल होऊन रेंगाळत नव्हते, तर पुष्कळ काळ चपळ राहत होते. आयुर्मानाच्या आकड्यापेक्षा हे निरीक्षण कदाचित अधिक मोलाचे आहे. या परिणामासाठी डीएएफ-१६ हे दुसरे जनुक मात्र शाबूत असावे लागते. गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत हायडी टिसेनबाम आदींनी १९९७ मध्ये डीएएफ-२ चे स्वरूप उलगडले. त्यापासून बनणारे प्रथिन हे मानवातील इन्शुलीन व इन्शुलीनसदृश वृद्धी घटक-१ यांच्या ग्राहींशी सजातीय आहे. म्हणजे हॉर्मोनाचा संदेश क्षीण झाला असता आयुष्य वाढते. ब्राउन-सेकार यांच्या अपेक्षेच्या नेमके उलट.

सस्तन प्राण्यांतही असेच आढळले होते. हॉली ब्राउन-बोर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये दाखविले की, पोष ग्रंथीतील दोषामुळे वृद्धी हॉर्मोन तयार न होणारे खुजे उंदीर सामान्य उंदरांहून सरासरी एक वर्षापेक्षा अधिक जगतात. या उंदरांत इतर दोन हॉर्मोनांचीही उणीव असल्याने श्रेय एकट्या वृद्धी हॉर्मोनास देता येत नव्हते. लंडन येथील लिंडा पार्ट्रिज व सॅली लीव्हर्स यांच्या गटाने २००१ मध्ये फळमाशीतील चिको या जनुकाच्या उत्परिवर्तनाने मध्यक आयुर्मान ४८ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे नोंदविले. ज्या माश्यांत या जनुकाची एकच प्रत सदोष होती, त्यांचा आकार सामान्य असूनही त्या अधिक जगल्या. त्यामुळे दीर्घायुष्यासाठी खुजेपणा अनिवार्य नाही, हे स्पष्ट झाले.

मानवाबाबत पुरावा तुटक आहे. १९९० मध्ये १२ वृद्ध पुरुषांना सहा महिने वृद्धी हॉर्मोन दिल्यावर त्यांचा मेद घटल्याचे प्रसिद्ध झाले आणि तेवढ्या आधारावर तारुण्याची विक्री पुन्हा सुरू झाली. याउलट २००८ मध्ये युसिन सूह व त्यांच्या सहकाऱ्यांना काही शतायुषी ज्यू स्त्रियांत इन्शुलीनसदृश वृद्धी घटक-१ च्या ग्राहीचे कार्य मंदावणारी उत्परिवर्तने आढळली. त्यांच्या रक्तात हा घटक भरपूर होता. पेशी मात्र त्याला पुरता प्रतिसाद देत नव्हत्या.