दशांश आणि देवभाग

परभणी, पाथरी, गंगाखेड या बाजूचे जुने रुमाल सोडतांना ‘दशांश’ किंवा ‘दहावा हिस्सा’ असे शब्द दिसले, कीं हा धर्मार्थ काढलेला उत्पन्नाचा भाग असावा, असें अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु कागदाचें वर्गीकरण एकदां चुकलें म्हणजे त्यावर रचलेली पुढील सर्व इमारत चुकते. म्हणून या दशांशाची फोड करणें अवश्य आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत कृषीवलानें राजास सहावा, देवांस एकविसावा व ब्राह्मणांस तिसावा भाग द्यावा, असें सांगितलें आहे. शेवटच्या दोन भागांची बेरीज दोनशें दहांत सतरा, म्हणजे बाराव्या हिश्शाहूनही किंचित् कमी होते. सारांश, या स्मृतींत धर्मभाग आहे, दशांश नाहीं.

मग दहावा हिस्सा येतो कोठून? मराठी दफ्तरांतील त्याचें प्रमुख स्थान सरदेशमुखी हें होय. चौथाईहून निराळा असा शेंकडा दहाचा हा हक्क वतनाच्या नात्यानें सांगितला जाई. त्याचा देवधर्माशीं संबंध नाहीं. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील सरदेशमुखीची सनद बाळाजी विश्वनाथानें इ. स. १७१९ च्या मार्चांत दिल्लीहून मिळविली. ऐन-इ-अकबरींत पाथरी हें वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार म्हणून नमूद आहे आणि वऱ्हाड या सहांपैकींच एक. पालखेडच्या प्रसंगानंतर इ. स. १७२८ त मुंगी-शेवगांवच्या तहानें निजामानें हे हक्क मान्य केले. तेव्हां या प्रांतींच्या वसुली कागदांत शेंकडा दहाची रक्कम दिसल्यास प्रथम सरदेशमुखीची शंका घ्यावी.

दुसरा दशांश पोथ्यांतला. पुरश्चरणांत जपाच्या दशांशानें होम, होमाच्या दशांशानें तर्पण, तर्पणाच्या दशांशानें मार्जन व त्याच्या दशांशानें ब्राह्मणभोजन, असा क्रम असतो. येथें संख्या मंत्रांची आहे, द्रव्याची नव्हे.

धर्मार्थ दशांश या भूमीस अगदींच अपरिचित होता, असें मात्र नव्हे. मुसलमानी धर्मशास्त्रांत पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग ‘उश्र’ म्हणून सांगितला आहे. श्रमानें पाणी दिलेल्या पिकावर तो विसावा होतो. शीख संप्रदायांत ‘दसवंध’ आहे. पूर्वीं तो मसंदांच्या हातून गुरूकडे पोंचे. गुरु गोविंदसिंगांनीं मसंदांची पद्धति मोडली. इ. स. १७०८ त त्यांचा अंत शेजारच्या नांदेडास झाला.

ग्रामांतील धर्मसेवेचा निर्वाह मात्र बहुधा दोन वाटांनीं होई. एक इनाम जमीन व दुसरें खळ्यावरील बलुतें. रास पडली म्हणजे गुरव, जोशी व मुलाणा आपापला वांटा नेत. हा वांटा सेवेबद्दलचा असे. त्याचें प्रमाण गांवोगांव रूढीनें ठरे. उत्पन्नाच्या ठराविक अंशानें नव्हे.

म्हणून संग्राहकांस सूचना इतकीच, कीं दशांश दिसतांच ‘धर्मादाय’ अशी चिठ्ठी लावूं नये. घेणारा कोण, दहावा भाग कशाचा आणि शिक्का कोणाचा, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावरच कागद योग्य त्या रुमालांत बांधावा.