घरच्यांनी सोडलं कसं?

आज आपण सायकलीबद्दल बोलणार आहोत. सायकलीवरून एकट्याने लांब गेलेल्या बायकांबद्दलही बोलणार आहोत.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. जुलै २०१८ मध्ये ही मुलगी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून सायकलवर निघाली आणि डिसेंबरमध्ये कोलकात्याला पोचली. १५९ दिवसांत तिने १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर अंतर कापलं. तेव्हा तिचं वय होतं २०. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी असा युरोप तिने ओलांडला. बरीचशी वाट ती एकटीच होती. कॅनडात अस्वल तिच्या मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटलं, तरी ती पुढे गेली. रशियात तिने बर्फात तंबू ठोकून एकटीने रात्री काढल्या.

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गटांच्या बैठकांत आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक गावात पहिला प्रश्न एकच आला : ‘घरच्यांनी सोडलं कसं?’ अस्वलाचं काय झालं, हे नंतर कुणीतरी विचारलं. वेदांगीच्या जागी मुलगा असता, तर आपण आधी ‘किती दिवस लागले’ असं विचारलं असतं. बाईच्या प्रवासात हा सोडण्या-न सोडण्याचा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. तो सगळ्या जगात होता.

सुरुवातीच्या सायकलींचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असायचं. घोळदार झगा घातलेल्या बाईला त्यावर चढणं अवघडच. १८८५ च्या सुमारास दोन्ही चाकं सारखी असलेली, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर केला. मग बायका सायकलवर बसू लागल्या आणि लगेच कपड्यांवरून वाद सुरू झाला. फ्रान्समध्ये तर १८०० सालापासून एक हुकूम होता. पॅरिसमध्ये बाईला पुरुषासारखी विजार घालायची असेल तर पोलिसांची परवानगी लागे. १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सूट दिली गेली. ती अशी, की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर बाईने विजार घालावी! म्हणजे सायकलवरून उतरून चार पावलं लांब गेलं, की पुन्हा गुन्हा. हा हुकूम आता लागू नाही, असं तिथल्या सरकारने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. आपल्या नऊवारीच्या कासोट्याला सायकलची काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती लोकांच्या नजरेची.

त्याच फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी देणारा कायदा झाला. तोवर फिरायला जाणं हे श्रीमंतांचं काम होतं. त्या उन्हाळ्यात गिरणी-कारखान्यांतली माणसं, नवरा-बायको, सायकलवर तंबू बांधून गावोगाव, नदीकाठी, समुद्रावर गेली. काहींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. फिरण्याची हौस त्यांना आधीही असणार, पण रजा नव्हती. आपल्यातल्या कितीजणींना वर्षात दोन दिवस तरी हक्काची रजा मिळते? माहेरपण धरलं तरी तिथेही चुलीपुढे बसावंच लागतं.

आता आयर्लंडमधल्या डर्व्हला मर्फीची गोष्ट ऐका. १९३१ चा तिचा जन्म. दहाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी तिला जुनी सायकल आणि एक नकाशाचं पुस्तक दिलं. तेव्हाच तिने ठरवलं, की सायकलवर भारतात जायचं. पण आईला संधिवाताने जखडलं होतं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मुलगी आईच्या सेवेला लागली आणि सोळा-सतरा वर्षं तिने ते केलं. आईवडील दोघंही गेल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये, भर थंडीत ती फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून निघाली. फ्रान्समधला बर्फ, मग इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून जुलैमध्ये ती दिल्लीला पोचली. पुढे तिने प्रवासावर पुस्तकं लिहिली. २०२२ मध्ये, नव्वदीत, ती वारली.

आजारी माणसाची सेवा करण्यात जिची वर्षं गेली, अशी बाई आपल्या प्रत्येक गटात आहे. म्हणून ही परदेशी बाई आम्हाला परकी वाटत नाही. दहाव्या वर्षी ठरवलेलं तिने एकतिसाव्या वर्षी केलं. मधल्या काळात तिने ते टाकून दिलं नाही.

‘आपल्या बायकांना कुठलं असलं जमतंय’ असं कुणी म्हणालं, तर आपल्याच रस्त्याकडे बघायला सांगा. दर आषाढीला तुकोबारायांची पालखी बारामतीवरून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीहून पुढे जाते. डोक्यावर तुळस घेऊन बायका मैलोन्‌मैल चालतात, राहुटीत झोपतात. मेंढपाळांच्या बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून, लेकरं घेऊन उघड्या रानात वाडा टाकतात. ऊसतोडीला आलेल्या बहिणी कारखान्याच्या हद्दीत महिनोन्‌महिने कोपीत राहतात. रस्ता, थंडी, पाऊस, उघड्यावरचा मुक्काम हे आपल्या बायकांना नवीन नाही. फरक एवढाच, की वारीला देवाचं बोलावणं असतं, रानात पोटाची गरज नेते आणि ऊसतोडीला उचल नेते. ‘मला जावंसं वाटलं’ एवढ्या कारणावर निघण्याची मुभा मात्र अजून मिळाली नाही.

ही मुभा सायकलने कशी येते, हे तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवलं. १९९१ पासून तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. वर्गावर जायचं तर बायकांना सायकल यायला हवी, म्हणून अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खडी फोडणाऱ्या, आरोग्य सेविका अशा हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं, हा फायदाही त्यांनी हेरला. पाणी, बाजार, मुलाची शाळा यांसाठी बसची आणि नवऱ्याची वाट बघणं सुटलं. सुरुवातीला लोक हसले, पण बायका चालवत राहिल्या.

बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा मुलींची नावनोंदणी वाढली होती, आणि शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे ती जास्त वाढली होती. अंतराने किती मुलींची शाळा अडवली होती, ते त्यातून कळतं.

आपल्याकडेही मुलीला सायकल मिळते. पण दहावी झाली, की ती बहुधा धाकट्या भावाकडे जाते, नाहीतर पडवीत गंजते. कॉलेज तर आणखी लांब असतं. तिथून पुढे मुलीला कुणीतरी सोडायचं आणि कुणीतरी आणायचं. ज्या दिवशी सोडायला माणूस नसतो, त्या दिवशी कॉलेज बुडतं. असे दिवस वाढले, की घरात लग्नाचा विषय निघतो.

म्हणून गटांना आमचं सांगणं आहे. येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातली सायकल कुणाच्या हातात आहे ते सांगावं. पंक्चर, चेन, ब्रेकची दुरुस्ती मुलींबरोबर आपणही शिकू. अंतर्गत कर्ज शेळीला, शिलाई मशिनला देतो, तसं मुलीच्या सायकलीलाही देऊ. ज्यांना चालवता येत नाही त्यांनी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर यावं. मागून कॅरिअर धरायला गटातलीच एक जण असेल. वय विचारणार नाही.

सगळ्याच मुली जगाची फेरी मारणार नाहीत. कुणी भिगवणच्या पाणवठ्यावर फ्लेमिंगो बघून संध्याकाळी परत येईल, तेही पुष्कळ आहे. ती निघेल तेव्हा तिच्या डब्यात दोन भाकरी जास्त बांधा, पंप दिलाय का ते बघा, आणि कधी परत येणार एवढंच विचारा.