काळ्याची पातळी : दोन बटणांच्या नावांचा इतिहास

भूम १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली होते. तेव्हाच्या उर्दू कागदांत शून्य म्हणजे केवळ टिंब. असा कागद संगणकाच्या पडद्यावर वाचणाऱ्या अभ्यासकास ‘ब्राइटनेस’ व ‘कॉन्ट्रास्ट’ ही नावे चकवितात. चित्रनलिकेच्या दूरचित्रवाणी-संचात (मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले) पहिले बटण वस्तुतः काळ्याची पातळी ठरवी, तर दुसरे संकेत वाढवून पांढऱ्याचे तेज ठरवी. नावांची जणू अदलाबदलच झाली होती! संगणकाने ती तशीच उचलली. एल.सी.डी. पडद्यावर तर ‘ब्राइटनेस’ बहुधा मागील दिव्याकडे गेले. म्हणून आधी काळा लावावा, मग पांढरा. काळा फार खाली गेल्यास डागावरील शाई डागातच बुडते. पांढरा प्रमाणाबाहेर चढल्यास फिकट टिंब कागदात विरते, आणि शंभराचे दहा होतात.