ई-स्पोर्ट्स (माळवा)

ई-स्पोर्ट्स : संगणक, मोबाइल किंवा कन्सोलवरील खेळांच्या नियमबद्ध स्पर्धा. त्यांना क्रीडाप्रकार मानावे काय, हा विवाद्य विषय. माळव्यातील धार व देवास ही पवारांची जुनी संस्थाने 1956 पासून मध्य प्रदेशात मोडत असल्याने येथे त्या राज्याच्या धोरणाचा मागोवा घेतला आहे.

राज्याची भूमिका : जानेवारी 2022 मध्ये भोपाळमधील एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनंतर गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी ऑनलाइन गेमिंगवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याची घोषणा केली. त्याच सरकारच्या क्रीडा विभागाने कनिष्ठ गटासाठी ई-स्पोर्ट्स स्पर्धा भरवली आणि 2023 मध्ये भोपाळला राज्य अकादमी काढली. क्रीडामंत्री तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील यशोधराराजे होत्या.

कायदा : 23 डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने ‘बहुक्रीडा स्पर्धांचा भाग’ या मर्यादेत ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा विभागाकडे आले, उर्वरित ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे गेले. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, मात्र ई-स्पोर्ट्स वैध ठरवले. शारीरिक चापल्य, बौद्धिक चपळता, डावपेच अशा कौशल्यांवरच निकाल ठरावा, ही त्याची एक कसोटी. प्रवेशशुल्क व बक्षीस चालते, पैज चालत नाही.

मतमतांतरे : बैठा खेळ क्रीडेत बसत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि बुद्धिबळाने तो केव्हाच निकालात काढला, रोहिणी खाडिलकर यांना 1980 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबाचे उदाहरण अधिक बोलके. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, तरीही 9 एप्रिल 2013 रोजी मध्य प्रदेशाने त्याला राज्यक्रीडा घोषित केले (पहा : मल्लखांब). मान्यता व्याख्येपेक्षा शासकीय निर्णयाने मिळते, असे यावरून दिसते. खरी अडचण मालकीची आहे. कुस्तीच्या हौद्यातील डावांवर कोणाचा हक्क नसतो. व्हिडिओ गेम मात्र कंपनीची मालमत्ता असतो. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, 2021 मध्ये क्राफ्टन कंपनीने तोच खेळ बीजीएमआय नावाने आणला, जुलै 2022 मध्ये तो पुन्हा हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. मधल्या काळात खेळाडूंचे आखाडेच बंद होते.

धार, देवास : धार जिल्हा इंदूर विभागात, देवास उज्जैन विभागात, राज्य अकादमी दोन्हींसाठी भोपाळलाच.

आंतरराष्ट्रीय : 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिकापुरते होते, भूजच्या तीर्थ मेहता यांना हार्थस्टोन या खेळात कांस्य मिळाले, पण ते भारताच्या अधिकृत पदकसंख्येत धरले गेले नाही. 2023 मध्ये हांगझोऊ येथे ही स्पर्धा पदकांची झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै 2024 मध्ये सौदी अरेबियाशी ऑलिंपिक ई-स्पोर्ट्ससाठी 12 वर्षांची भागीदारी जाहीर केली; ऑक्टोबर 2025 मध्ये ती संपुष्टात आली.